कंपनी काढू की नको? वाचकांचे प्रश्न

भागीदारीवरचा लेख छापून आल्यापासून जी पत्रं येताहेत, त्यांतली बरीचशी एकाच वळणाची आहेत: धंदा छोटा आहे, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ करून घेऊ का? मी कंपनी सेक्रेटरी. कंपन्या काढून देणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही या वेळी ‘थांबा’ हा शब्द जरा जास्तच येणार आहे, तयारी ठेवा. पत्रं जागेसाठी छाटली आहेत आणि नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूर जिल्ह्यात राहते. घरीच कांदा-लसूण मसाला करते, मदतीला दोन बायका आहेत. वर्षाची विक्री अठरा लाखांपर्यंत जाते. मिरची सीझनला रोखीने भरून ठेवते, दुकानदारांना माल उधारीवर देते. आता पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराने माल मागितलाय. भाचा म्हणतो, ‘मावशी, प्रायव्हेट लिमिटेड कर, उद्या काही झालं तर निदान घर वाचेल.’ एक एजंट सात हजारांत करून देतो म्हणतोय. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, ते नावापुरते दुसरे डायरेक्टर राहतील. करू का?

आधी मिस्टरांचं मिटवू. त्यांना डायरेक्टर करू नका. जिल्हा परिषदेच्या नोकरीला वर्तणूक नियम लागू असतात आणि परवानगीशिवाय धंद्यात पडता येत नाही. ‘नावापुरता डायरेक्टर’ असा प्रकार कायद्यात नाही. शिवाय कंपनीच्या डायरेक्टरांची नावं केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कोणालाही बघता येतात, आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये एखादा तरी हौशी असतोच.

प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन सभासद, म्हणजे भागधारक, आणि दोन डायरेक्टर लागतात. एकटीने करायची तर ‘वन पर्सन कंपनी’, म्हणजे ओपीसी, हा रस्ता आहे. त्यात भागधारक एकच. आपल्या पश्चात शेअर कोणाकडे जाणार हे सुरुवातीलाच त्या व्यक्तीच्या लेखी संमतीने नोंदवायचं. पूर्वी भरणा भांडवल, म्हणजे शेअरपोटी प्रत्यक्ष भरलेले पैसे, ५० लाखांच्या किंवा उलाढाल दोन कोटींच्या वर गेली की ओपीसीचं रूपांतर सक्तीचं व्हायचं. एप्रिल २०२१ पासून ती अट गेली.

आता भाच्याचं ‘घर वाचेल’. या वाक्याच्या मागे सव्वाशे वर्षांपूर्वीचा लंडनचा एक बूट बनवणारा उभा आहे. सालोमन त्याचं नाव. त्याने आपला चालता धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. बायको आणि मुलांना एकेक शेअर, बाकी सगळे स्वतःकडे. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, कंपनी म्हणजे हाच माणूस, याच्याकडून वसूल करा. तिथलं वरिष्ठ न्यायालय, हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणालं की नाही, कायद्याने नोंदलेली कंपनी ही वेगळी व्यक्ती. तिचं कर्ज ते तिचं, याचं नव्हे. १८९७ च्या निकालसंग्रहात छापलेला हा खटला आपल्याकडच्या कॉलेजातही पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि आपली न्यायालयंही तेच तत्त्व मानतात.

फक्त हा खटला बँकांनाही पाठ आहे. म्हणून तुमच्या कंपनीला कर्ज देताना बँक डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेते. मंजुरीच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा पुढे येतो, खुणा केलेल्या असतात, साहेब म्हणतात, ‘इथे कंपनीचा शिक्का मारून सही, आणि इथे नुसती सही.’ ती ‘नुसती सही’ म्हणजे हमीपत्र. करार कायद्यानुसार हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ती सही झाली की त्या कर्जापुरती तुमची कंपनी लिमिटेड उरत नाही.

आणखीही दारं उघडी राहतात. खासगी कंपनीकडून जीएसटी किंवा आयकर वसूल झाला नाही, तर डायरेक्टरवर येऊ शकतो. आपल्याकडून घोर हलगर्जी झाली नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. कंपनीचा चेक बाउन्स झाला तर सही करणारा डायरेक्टर आरोपी होतो. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अन्नसुरक्षा कायदा. भेसळीचा गुन्हा कंपनीवर लागला तर कारभार बघणाऱ्या व्यक्तीवरही लागतो, आणि कारभार तुम्हीच बघणार.

मग मर्यादित जबाबदारी नक्की कोणापासून वाचवते? ज्यांनी तुमची वैयक्तिक सही न घेता कंपनीला उधार दिलं, त्यांच्यापासून. कच्चा माल देणारे, जागामालक, ऑर्डर रद्द झाली म्हणून भरपाई मागणारा गिऱ्हाईक. ताई, आता तुमचंच पत्र परत वाचा. मिरची रोखीने घेता, मसाला उधारीवर देता. म्हणजे तुम्ही कोणाचं देणं लागतच नाही, लोक तुमचं लागतात. ढाल देणं असणाऱ्याला लागते. तुम्हाला लागतं वसुलीचं हत्यार.

ते हत्यार म्हणजे उद्यम नोंदणी, छोट्या उद्योगांची सरकारी नोंद. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन एवढंच लागतं. तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ती असली की तुमच्यासारख्या उत्पादकाचं बिल दुकानदाराला लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, ते मागण्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. पुण्याच्या दुकानदाराला पहिलं बिल पाठवाल तेव्हा त्यावर उद्यम क्रमांक छापा. भांडण न करता बरंच काम होतं.

कराचंही बघा. अठरा लाखांच्या विक्रीत तुमच्या हाती पाच-सहा लाख उरत असतील असं धरते. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून आयकर शून्य येतो. छोट्या धंद्याला हिशेबाच्या वह्या न मांडता विक्रीच्या आठ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा धरायची सोयही आहे; ती कंपनीला नाही, एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीलाही नाही. कंपनीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून पंचवीस टक्के, किंवा सवलती सोडल्या तर बावीस टक्के आणि वर अधिभार. तुम्ही डायरेक्टर म्हणून पगार घेऊन कंपनीचा नफा कमी दाखवू शकता, ते रीतसर आहे. पण मग त्याची कागदपत्रं, ठराव, टीडीएस, सगळं आलं.

सात हजार हा बारशाचा खर्च झाला. विक्री एक रुपयाची असो की एक कोटीची, कंपनीला ऑडिट सुटत नाही. ताळेबंद आणि वार्षिक विवरण दरवर्षी मंत्रालयाकडे भरायचं, आयकर रिटर्न वेगळं. आमच्या भागात छोट्या कंपनीचा हा खर्च वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या खाली क्वचितच येतो. कंपनी म्हणजे दावणीचं जनावर आहे, दूध देवो न देवो वैरण घालावीच लागते.

तेव्हा सध्या प्रोप्रायटरच राहा. त्याच पैशांत नावाचा ट्रेडमार्क करा, मसाले वर्ग ३० मध्ये येतात आणि व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. माल खराब निघाल्याच्या दाव्यासाठी उत्पादन दायित्वाचा विमा मिळतो, त्याचा भाव काढा. अन्न परवाना तुमच्या नावाचा आहे हेही लक्षात ठेवा. उद्या कंपनी केलीत तर तो तसाच तिच्याकडे जात नाही, तिचा नवा काढावा लागतो. जागा भाड्याने घेऊन मशीन बसवायची वेळ आली, डीलरकडून अनामत घ्यायला लागलात, किंवा मिरचीच उधारीवर उचलायला लागलात, की मला पुन्हा लिहा. तेव्हा उत्तर वेगळं असेल.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र भोसरीत एकाच कारखान्यात होतो. आता स्वतःचं सीएनसीचं जॉबवर्क सुरू करतोय. मित्राने वडिलोपार्जित जमिनीच्या पैशांतले बारा लाख घातलेत, माझे तीन लाख. पण गिऱ्हाईकं माझ्या ओळखीची आहेत आणि मशीनवर मीच उभा राहणार. फिफ्टी-फिफ्टी ठरलंय. प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी? आणि भांडवल किती दाखवायचं?

भांडवल ‘दाखवायचं’ नसतं, भरायचं असतं. एक लाखाची किमान अट २०१५ मध्ये गेली, आज दहा हजारांवरही कंपनी निघते. पण जेवढे शेअर घेतले म्हणून लिहून दिलं, तेवढे पैसे कंपनीच्या खात्यात यायला हवेत आणि ते आल्याचं ‘आयएनसी-२०ए’ हे घोषणापत्र १८० दिवसांत भरावं लागतं. ते भरल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, कर्जही घेता येत नाही. न भरल्यास कंपनीला ५० हजार दंड, डायरेक्टरला दिवसाला एक हजार, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढू शकते ती रक्कम, १५ लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाची नोंदणी फी लागत नाही. राज्याचं मुद्रांक शुल्क लागतं.

आता तुमची खरी अडचण. एकाचे बारा, दुसऱ्याचे तीन, आणि वाटणी निम्मी-निम्मी. कंपनीत मालकी शेअरवर मोजतात. दोघांनी दिलेल्या पैशांचे सरळ शेअर घेतले तर मित्राकडे ऐंशी टक्के जातात आणि तुम्ही वीस टक्क्यांचे धनी. निम्मी मालकी ठेवायची असेल तर दोघांनी तीन-तीन लाखांचे शेअर घ्यायचे आणि मित्राचे उरलेले नऊ लाख डायरेक्टरने कंपनीला दिलेलं कर्ज म्हणून, व्याजासह, लिहायचे. त्याला त्याच्या जास्तीच्या पैशांचा मोबदला मिळतो, तुमची निम्मी मालकी राहते, आणि उद्या कंपनी बंद झाली तर शेअरचे पैसे वाटण्याआधी त्याचं कर्ज फिटतं. हे न्याय्य आहे. त्याला तसंच समजावून सांगा.

एलएलपीत हेच आणखी सोपं. भांडवल बारा आणि तीन, नफ्याची वाटणी समसमान, असं करारात थेट लिहिता येतं. पण लिहावंच लागतं. एलएलपी कायद्याला एक पहिली अनुसूची जोडलेली आहे. करार गप्प असेल तिथे ती बोलते. ती म्हणते, भांडवल, नफा आणि तोटा सगळ्यांचा सारखा. भांडवलसुद्धा सारखं, हे मित्राच्या कानावर घाला. ती असंही म्हणते की कामात भाग घेतला म्हणून कुठल्याही भागीदाराला वेगळा मेहनताना मिळणार नाही. म्हणजे तुम्ही मशीनवर दिवसाचे बारा तास उभे राहा, तो फक्त रविवारी चहा प्यायला येवो, मागायला जागा नाही. बाजारात मिळणारा तयार मसुदा घेऊन त्यात नुसती नावं भरली की हे असंच घडतं.

म्हणून करारावर सही करण्याआधी दोघांनी बसून काही प्रश्नांची उत्तरं कागदावर काढा, वकिलाकडे नंतर जा. रोज वेळ कोण किती देणार? दरमहा मेहनताना किती, आणि काम नसलेल्या महिन्यात तो मिळणार का? एक जण सोडून गेला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कोण, कशी ठरवणार: पुस्तकी किमतीने की मशीनच्या बाजारभावाने, पैसे एकरकमी की हप्त्यांत? तो बाहेर पडून समोरच्याच गल्लीत तेच काम सुरू करू शकतो का? दोघांपैकी एक वारला तर त्याच्या घरच्यांना हिस्सा मिळणार की खुर्ची? हे प्रश्न मैत्रीत विचारायला अवघड जातात, माहीत आहे. पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या आधी विचारणं मात्र नंतर विचारण्यापेक्षा कितीतरी सोपं.

आणि फिफ्टी-फिफ्टीचं बहुमत होत नाही. कंपनीत दोन डायरेक्टर आणि मतं समान असतील तर ठराव अडकतो. कायद्याच्या नमुना नियमावलीत अध्यक्षाला निर्णायक मत आहे, पण मग अध्यक्ष कोण यावरच घोडं अडतं. दोघांनाही मान्य असा तिसरा माणूस, तुमचा जुना वर्क्स मॅनेजर म्हणा किंवा सीए, फक्त अशा पेचासाठी करारात नेमून ठेवा.

माझं मत एलएलपीकडे झुकतं. जॉबवर्कला बाहेरचा गुंतवणूकदार सहसा येत नाही, मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर नोंदणीत एलएलपी चालते, आणि उलाढाल ४० लाखांपर्यंत व भांडवल २५ लाखांपर्यंत असेतोवर एलएलपी कायद्याखाली ऑडिट सक्तीचं नाही. नफ्यावर कर तीस टक्के आणि उपकर, कंपनीपेक्षा जास्त. पण कर भरून उरलेला नफा भागीदाराच्या हातात करमुक्त येतो. कंपनीतून लाभांश घ्याल तर त्यावर २०२० पासून तुमच्या हातात पुन्हा कर आहे. वर्षाला ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८, या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. कामगारांना शेअर द्यायचे किंवा बाहेरून भांडवल उभं करायचं मनात असेल तरच प्रायव्हेट लिमिटेड.

मशीनच्या कर्जाला बँक दोघांची हमी घेईल. उद्या भागीदारी सोडलीत म्हणून ती हमी सुटत नाही. बँकेने लेखी मोकळं केलं तरच सुटते. सोडून जाणाऱ्याची हमी काढून घ्यायची जबाबदारी राहणाऱ्यावर, हे एक वाक्य करारात टाकाच.

प्रश्न : कंपनीचा पत्ता म्हणून राहत्या फ्लॅटचा पत्ता चालतो का? फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे.

चालतो. दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल आणि सासऱ्यांचं ना-हरकत पत्र लागेल. दारावर कंपनीचं नाव आणि पत्ता यांची पाटी लावणं बंधनकारक आहे आणि ती स्थानिक भाषेच्या लिपीतही हवी, म्हणजे आपल्याकडे मराठीतही. हे कंपनी कायद्यातच आहे, दुकानांच्या पाट्यांचा वाद वेगळा. कंपनीच्या पत्रांवर आणि बिलांवर नाव, पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा २१ अक्षरी ओळख क्रमांक, छापायचा. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाचा माणूस प्रत्यक्ष पाहणीलाही येऊ शकतो, तेव्हा पाटी कपाटात ठेवू नका. सोसायटीच्या उपविधींत काय आहे ते सेक्रेटरींकडून आधी बघून घ्या. माणसांची आणि टेम्पोची ये-जा नसेल तर सहसा कोणी अडवत नाही.

प्रश्न : २०२१ मध्ये एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून मी आणि माझ्या बहिणीने ऑनलाइन कपडे विकायला कंपनी काढली. सुरूच झाली नाही. बँक खातं उघडलं नाही. आम्हाला वाटलं, धंदा नाही म्हणजे कंपनीही आपोआप बंद. आता बहिणीला दुसऱ्या कंपनीत डायरेक्टर व्हायचंय तर अडचण येते आहे. त्या माणसाचा फोन लागत नाही.

कंपनी आपोआप बंद होत नसते. पाच वर्षं ती कागदावर जिवंत आहे आणि दर वर्षी दोन विवरणपत्रं थकवते आहे. ताळेबंदाचा फॉर्म आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म, प्रत्येकी दिवसाला शंभर रुपये उशिराचं शुल्क, आणि त्याला वरची मर्यादा नाही. एका वर्षाचे दोन फॉर्म एक वर्ष उशिरा भरले तर ७३,००० रुपये होतात. पुढचा गुणाकार तुम्हीच करा, मी इथे करून दाखवला तर जेवण जाणार नाही.

बहिणीची अडचण यातूनच आली असणार. सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत की त्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये सरकारने अशा दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्या एका मोहिमेत नोंदवहीतून काढून टाकल्या आणि लाखो डायरेक्टर अपात्र ठरवले. त्यांत तुमच्यासारखेच, विसरून गेलेले लोक भरपूर होते.

पहिलं काम, दोघींच्या डिजिटल सह्या कुठे आहेत ते शोधा. पेनड्राइव्हसारखं दिसणारं छोटं टोकन असतं. ते तुमच्या हातात कधी आलंच नसेल, तर ते त्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेलही त्याचाच असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ओटीपी त्याला जातात. जुनी सही रद्द करून नव्या काढा, तुमचा नंबर आणि ईमेल नोंदवा. मग पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून तिची सद्यःस्थिती बघा. ‘सक्रिय’ दिसतेय की निबंधकाने स्वतःच काढून टाकलीय, यावर पुढचं सगळं ठरतं. तुमच्या नावावर काही कागद परस्पर दाखल झालेत का हेही तिथेच थोडी फी भरून तपासता येतं. तपासाच.

सक्रिय असेल तर थकलेले कागद पुरे करून ‘एसटीके-२’ हा बंद करण्याचा अर्ज करायचा. त्याची फी दहा हजार, शिवाय दोघींची प्रतिज्ञापत्रं आणि नुकसानभरपाईचा बाँड. उशिराच्या शुल्कात सूट देणारी योजना सरकार अधूनमधून आणतं, २०२० मध्ये आणली होती. अर्ज करण्याआधी तुमच्या सल्लागाराला विचारा की सध्या अशी योजना चालू आहे का. नसेल तर पुढच्या योजनेची वाट बघत बसू नका, शुल्काचं मीटर रोज चालू आहे.

बाकी सगळ्यांसाठी, मध्येच: डिजिटल सहीचं टोकन कोणाकडे ठेवायला देऊ नका. माझ्याकडेही नाही. कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक देण्याइतकंच ते आहे.

प्रश्न : माझी आणि आईची प्रायव्हेट लिमिटेड आहे, सॉफ्टवेअर सर्व्हिसची. एक बालमित्र तीन लाख रुपये बिनव्याजी द्यायला तयार आहे. त्याला शेअर नकोत. रोख घेऊन कंपनीच्या खात्यात भरले तर चालेल ना?

दोन्ही बाजूंनी नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. आणि चेकने घेतलं तरी कंपनीने सभासद नसलेल्या मित्राकडून घेतलेली रक्कम ही कंपनी कायद्याच्या भाषेत ‘ठेव’ ठरते. जनतेकडून ठेवी घेण्याचा अधिकार छोट्या खासगी कंपनीला नाही. त्यावरचे दंड तुमच्या तीन लाखांच्या मानाने भयंकर आहेत.

मग लोक एक युक्ती काढतात: मित्राने मला वैयक्तिक द्यायचे, मी डायरेक्टर म्हणून कंपनीला द्यायचे. डायरेक्टरकडून, आणि खासगी कंपनीत त्याच्या नातेवाइकांकडूनही, कंपनी पैसे घेऊ शकते हे खरं. पण देणाऱ्याने लेखी द्यावं लागतं की ही रक्कम दुसरीकडून उसनी आणलेली नाही. युक्ती तिथेच फसते. आईच्या मुदत ठेवीतले पैसे असते तर चाललं असतं.

मित्राला शेअर नकोत म्हणता, पण खरा सरळ मार्ग तोच आहे. त्याला रीतसर ऑफर पत्र द्या, पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्या, साठ दिवसांत शेअर वाटा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत विवरण भरा. परत करायचे असतील तेव्हा ते शेअर तुम्ही स्वतः विकत घ्या. तेही नको असेल तर कंपनीच्या नावावर बँकेकडे विनातारण कर्ज मागा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सरकारी हमी योजना आहे, पत्रात विचारलं नसलं तरी सांगून ठेवते. डायरेक्टरची हमी तिथेही मागतील.

याच पत्रात खाली तुम्ही सहज लिहिलंय की घरचा हप्ता अधूनमधून कंपनीच्या खात्यातून जातो. ते आजपासून बंद. पगार ठरवा, ठराव करा, तो स्वतःच्या खात्यात घ्या आणि हप्ता तिथून भरा. कंपनीकडून डायरेक्टरने उचल घेण्यावर कंपनी कायद्याच्या अटी आहेत, आणि आयकर अधिकारी ती उचल लाभांश समजून तुमच्यावर कर लावू शकतो. शिवाय उद्या एखादा देणेकरी न्यायालयात ‘कंपनी आणि हा माणूस एकच आहेत’ म्हणाला, तर त्याच्या वकिलाला पुरावा म्हणून तुमचं बँक स्टेटमेंटच पुरेल.

प्रश्न : कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे तो ब्रँड माझाच ना?

नाही. नाव मंजूर होणं म्हणजे मंत्रालयाच्या यादीत त्याच्याशी फार मिळतं दुसरं नाव नाही, एवढंच. ट्रेडमार्क वेगळ्या कार्यालयाकडे, वेगळ्या कायद्याने नोंदला जातो. उलटही होतं, दुसऱ्याचा ट्रेडमार्क आधीपासून असेल तर तुमचं मंजूर नाव बदलायला लागू शकतं. दोन्हीकडचा शोध फुकट आहे, बॅनर छापण्याआधी करा. आणि नाव राखून ठेवल्यावर नोंदणीचा उरलेला अर्ज वीस दिवसांत भरायचा असतो. मुहूर्त बघायचा तर तो नाव टाकण्याआधी बघा.

प्रश्न : सगळं ठरलंय, फेब्रुवारीत कंपनी काढू की एप्रिलपर्यंत थांबू?

गिऱ्हाईक थांबलं असेल तर फेब्रुवारीत काढा. १ जानेवारी किंवा त्यानंतर नोंदलेल्या कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष कंपनी कायद्याने थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं, म्हणजे दोन महिन्यांसाठी वेगळा ताळेबंद आणि वार्षिक सभा करावी लागत नाही. आयकराला ही सवलत नाही; ३१ मार्चपर्यंतच्या त्या दोन महिन्यांचं रिटर्न भरावंच लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी. गिऱ्हाईक नसेल तर एप्रिल. आणि कधीही काढलीत तरी नोंदणीपासून तीस दिवसांत पहिली संचालक सभा आणि ऑडिटरची नेमणूक, दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट. बहुतेक एजंट नोंदणीचं प्रमाणपत्र ईमेल करून मोकळे होतात, तेव्हा ही तिन्ही कामं त्यांच्या कोटेशनमध्ये आहेत का ते पैसे देण्याआधी विचारा.